गेमिंग पीसीचं कोटेशन वाचायचं कसं? हिशोब स्क्रीनपासून उलटा मांडा

भाच्यानं चार घड्या घातलेला कागद माझ्यापुढं उलगडला. सांगलीत गणपती पेठेतल्या एका दुकानातून आणलेलं कोटेशन होतं. ‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, लाइटवालं कॅबिनेट, एसएमपीएससकट.’ खाली गोल रक्कम आणि सही. मॉडेल नंबर एकाही वस्तूचा नाही.

“मामा, आय-सेव्हन आहे. भारीच असणार ना?”

शेजारी दाजी बसले होते. त्यांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. बेदाण्याचे पैसे हातात आले की पोराला संगणक घ्यायचा, सत्तर हजारांच्या वर एक रुपया नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. “मागच्या वर्षी शेजारच्यांनी घेतला तेव्हा रॅम एवढी महाग नव्हती म्हणे. आताच काय झालं?”

हे दोन्ही प्रश्न मला हल्ली सारखे विचारले जातात. त्यामुळं जे त्या दोघांना सांगितलं, तेच इथं सविस्तर मांडतो.

आधी पाणी मोजा, मग मोटर घ्या

मी दाजींना विचारलं, “बागेची मोटर घेताना दुकानात काय सांगितलं होतं?”

“एकर किती, पाणी किती लांब न्यायचं, चढ किती, पाइप किती इंची. त्यावरनं त्यांनी एचपी काढली. बारक्या पाइपला मोठी मोटर लावली तर पाणी पाइपाएवढंच येतं, बिल मात्र मोटरीएवढं.”

संगणकाचं सगळं गणित एवढंच आहे. इथलं पाणी म्हणजे स्क्रीनवर उमटणारं चित्र. ते किती हवं हे आधी ठरवायचं. मग तिथून मागं मागं यायचं: ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम, आणि शेवटी भिंतीतला सॉकेट. बहुतेक कोटेशनं मात्र दुसऱ्या टोकाकडून लिहिलेली असतात. प्रोसेसरचं नाव मोठं, आणि उरलेल्या पैशांत बाकी सगळं. मग पैसे पूर्ण जातात आणि गेम अडखळतच चालतो.

स्क्रीनला किती ठिपके लागतात?

स्क्रीनवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फुल एचडी स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. सिनेमाची चित्रं आधीच तयार असतात, ती फक्त दाखवायची. गेममध्ये तुम्ही पुढच्या क्षणी डावीकडं वळाल की उजवीकडं, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक चित्र जागेवर नव्यानं काढावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख पिक्सेलचा रंग ठरवावा लागतो.

सेकंदाला किती चित्रं तयार होतात तो आकडा म्हणजे एफपीएस. स्क्रीन सेकंदाला किती चित्रं दाखवू शकते तो आकडा म्हणजे हर्ट्‌झ. पहिलं काम संगणकाचं, दुसरं मॉनिटरचं.

आता फोर-के मॉनिटर घेतला तर ८२,९४,४०० पिक्सेल होतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. कार्डावरचा भार त्याच बेतानं वाढतो आणि बजेट तिथंच मोडतं. सत्तर हजारांत माझं मत ठाम आहे: २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल (बाजूनं पाहिलं तरी रंग नीट दिसतात ती स्क्रीन), १०० हर्ट्‌झ किंवा जास्त. भाचा मुख्यतः वॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणार, अधूनमधून जीटीए ५. पहिल्या दोन्हींत वेगाला महत्त्व आहे, म्हणून १४४ हर्ट्‌झ परवडला तर तिथं त्याचा उपयोग होतो.

घरात ३२ इंची टीव्ही असेल तर सुरुवातीला तो चालतो का? चालतो. ‘एचडी रेडी’ लिहिलेल्या टीव्हीत बहुधा १३६६ बाय ७६८ पिक्सेल असतात, म्हणजे फुल एचडीच्या निम्मे. कार्डाला ते सोपंच जातं. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड तेवढा चालू करा, नाहीतर माऊस हलवल्यावर चित्र उशिरा हलल्यासारखं वाटतं.

दिवाणजी आणि हमाल

मार्केट यार्डात हळदीचा सौदा पाहिला असेल तर पुढचं लगेच कळेल. अडत दुकानात दिवाणजी एक-दोनच असतात. कुणाचा माल, कुठं लावायचा, कुणाची पट्टी कधी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. हमाल पुष्कळ असतात, आणि सगळे एकाच वेळी पोती उचलत असतात. दिवाणजींना पोती उचलायला लावली तर रात्र होईल.

प्रोसेसर म्हणजे दिवाणजी. शत्रू कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडं की बंद, हे तो ठरवतो. त्याच्यात काम करणारे मोजके भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हमालांची टोळी. एएमडी या कंपनीच्या आरएक्स ६६०० या कार्डात असे १,७९२ छोटे कामकरी आहेत. लाखो पिक्सेल रंगवणं हे पोती उचलण्याचंच काम, म्हणून गेमिंग पीसीत सगळ्यात जास्त पैसा टोळीवर लावायचा.

दिवाणजी पेंगला तर टोळी हात बांधून उभी राहते, हेही खरं. पण सहा कोअरचा बरा प्रोसेसर या बजेटच्या कार्डाला पुरून उरतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे आणि २०२२ मध्ये बाजारात आलेले. शेवटच्या ‘एफ’चा अर्थ लक्षात ठेवा: त्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन काळीच राहणार.

भाव दर आठवड्याला हलत असल्यानं मी रुपयांचे सोळा आणे करून सांगतो. साडेपाच आणे कार्डाला. चार आणे प्रोसेसर आणि मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) मिळून. तीन आणे रॅम आणि एसएसडीला, म्हणजे मेमरी आणि साठवणीला. दोन आणे स्क्रीनला. दीड आणा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेटला. एखादा पाव आणा इकडंतिकडं झाला तर हरकत नाही, पण कार्डाचा हिस्सा प्रोसेसरपेक्षा कमी दिसला की कोटेशन परत करावं.

मग त्या आय-सेव्हनचं काय?

मी भाच्याला दुकानात फोन लावायला सांगितला. कुठला आय-सेव्हन? उत्तर आलं, ४७७०. हा प्रोसेसर २०१३ सालचा. चार कोअर. त्याच्या काळात तो उत्तम होता, पण २०२२ सालचा साधा आय-थ्री १२१०० त्याला सहज मागं टाकतो, कारण तोही चार कोअरचा आहे आणि त्याचा प्रत्येक कोअर खूपच वेगवान आहे. ‘आय-सेव्हन’ ही त्या-त्या वर्षीची वरची पायरी असते. २०१३ मधली वरची पायरी आजच्या जिन्यात कुठं लागते, ते त्या नावावरून कळत नाही.

शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. ४७७० चौथ्या पिढीचा. वॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षा सोयी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी पोरगं हट्ट करत होतं, तोच अडला असता.

आणि ‘४ जीबी ग्राफिक्स’? ते निघालं जीटी ७३०. हे कार्ड २०१४ सालचं. कार्डावरची मेमरी ही टोळीच्या हाताशी असलेली माल ठेवायची जागा. जागा मोठी आणि हमाल चार-दोन, तर माल हलणार कसा? जीटी ७३० मध्ये जास्तीत जास्त ३८४ कामकरी आहेत, तेही जुन्या बनावटीचे. ‘किती जीबीचं कार्ड?’ हा प्रश्न विचारूच नका असं मी म्हणत नाही, आज ८ जीबी असावीच. पण पहिला प्रश्न मॉडेलचा हवा. फुल एचडीसाठी आरएक्स ६६००, आरटीएक्स ५०५० किंवा आरटीएक्स ४०६०, यांपैकी त्या दिवशी स्वस्त मिळेल ते. तिन्ही ८ जीबीची आहेत.

रॅम एवढी महाग का झाली?

गोदामातला सगळा माल सौद्याच्या वेळी उपयोगाचा नसतो. ज्या पोत्यांचा सौदा आहे तीच बाहेर मांडतात. एसएसडी म्हणजे गोदाम, सगळे गेम तिथं कायमचे राहतात. रॅम म्हणजे सौद्याची मोकळी जागा. आत्ता लागणारा माल तिथं मांडलेला असतो, आणि संगणक बंद केला की ती रिकामी होते. आजच्या गेमना १६ जीबीची जागा लागते.

आता दाजींचा प्रश्न. रॅमच्या चिप जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतली मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना, म्हणजे हजारो संगणकांच्या प्रचंड खोल्यांना, मेमरी बेसुमार लागते. त्यांना हवी असलेली खास मेमरी तेवढ्याच जीबीसाठी सिलिकॉनच्या चकत्या जास्त खाते, आणि तिला भावही चांगला मिळतो. कंपन्यांनी कारखान्यांची क्षमता तिकडं वळवली.

दाजींना मी म्हटलं, “एक्स्पोर्टचा रेट चांगला निघाला की तुम्ही काय करता?”

“चांगला माल कंटेनरला. उरलेला इथल्या बाजाराला.”

“मग त्या वर्षी सांगलीत द्राक्ष स्वस्त मिळतं का?”

ते हसले नाहीत, फक्त मान हलवली. त्यांना पटलं. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत दुकानातल्या रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ही बाग नाही की पुढच्या छाटणीला भाव उतरेल. नवा चिप कारखाना उभा राहायला वर्षं लागतात.

यातून मार्ग काय? घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर आधी तो उघडा. त्यात डीडीआर४ जातीची रॅम निघाली तर ती नव्या पीसीतही चालू शकते, मात्र मदरबोर्ड डीडीआर४ चा घ्यावा लागेल. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर करू नका. आणि १६ जीबी घेताना ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. माल न्यायला दोन दरवाजे उघडे राहतात.

मदरबोर्ड आणि एसएसडी

मदरबोर्डनं गेमचा वेग फारसा वाढत नाही. त्यात तीन गोष्टी पाहा: प्रोसेसरची बैठक जुळते का, रॅमची जात कोणती, आणि रॅमसाठी निदान दोन जागा आहेत का. एएमडीची जुनी बैठक एएम४ स्वस्त आहे आणि डीडीआर४ घेते. नवी एएम५ फक्त डीडीआर५ घेते, पण तिच्यावर पुढं नवा प्रोसेसर बसवता येईल. आज डीडीआर४ हाताशी असेल तर एएम४, सगळंच नवं घ्यायचं असेल तर एएम५ चा भाव विचारून बघा.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, निदान ५०० जीबी. दिसायला तशीच पण साटा प्रकारची पट्टीही मिळते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबतो. एनव्हीएमई त्याच्या कैक पट जाते.

एसएमपीएस: जिथं काटकसर करू नये

इथं मी थोडा जास्त थांबतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज देणारा डबा. काही वर्षांपूर्वी मी बाराशे रुपये वाचवायला एक हलकासा डबा घेतला. एप्रिलची संध्याकाळ, लाइट गेली, आली, परत गेली, आली. फट् असा आवाज झाला आणि जळका वास खोलीभर पसरला. जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर मुलीच्या बारशाचे फोटो होते. दुसरी प्रत नव्हती.

नंतर मी त्या डब्याचं लेबल नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली तक्त्यात १२ व्होल्टपुढं १६ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. बाकीचा आकडा कागदावरचा. दुकानात डबा हातात घ्या, तक्ता शोधा, बारानं गुणा. चांगल्या ५०० वॅटच्या एसएमपीएसला हा गुणाकार ४५० च्या आसपास येतो.

आपल्या पीसीला किती लागते? रायझन ५ ५६०० वर ६५ वॅट लिहिलंय, आरएक्स ६६०० वर १३२. बाकी पंखे, बोर्ड, एसएसडी धरून साधारण २५०. म्हणजे खरा ४५० ते ५०० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. ७५० चा घ्या म्हणून कुणी आग्रह केला तर ते पैसे कार्डात घाला.

‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती उपयोगी पडते त्याचं माप. ८५ टक्के धरले तर २५० वॅटसाठी भिंतीतून २९५ च्या आसपास ओढली जाते. मॉनिटर धरून रोज तीन तास भारी गेम खेळला तर महिन्याला अंदाजे २८ युनिट. हा आकडा पोरांनी घरी आधीच सांगावा, बिल आल्यावर वाद नकोत.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत आणखी एक गोष्ट दिसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत विजेतला खडखडाट गाळणारे भाग असतात, ते थोडीशी वीज पत्र्यावर सोडतात आणि ती अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जायला हवी. झिणझिण्या आल्या म्हणजे ती वायर कुठंतरी तुटलेली आहे किंवा मुळात नाहीच. आधी वायरमन बोलवा, पीसी नंतर. यूपीएस घेणार असाल तर त्यावरचे वॅट वाचा. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर बहुधा ३६० वॅटच लिहिलेले असतात.

“त्यापेक्षा लॅपटॉप नको का?”

हा ताईचा प्रश्न होता. पोरगा हॉस्टेलवर राहणार असेल तर लॅपटॉपच घ्या, त्यात वाद नाही. तो घरी राहणार असेल तर डेस्कटॉप. लॅपटॉपमध्ये जागा आणि थंडावा दोन्ही कमी, म्हणून त्याच नावाच्या ग्राफिक्स चिपला वीज कमी दिली जाते. आरटीएक्स ४०५० ही लॅपटॉपची चिप कुठं ३५ वॅटवर चालते, कुठं ११५ वर. नाव एक, काम वेगळं. आणि डेस्कटॉपमधली एक वस्तू बिघडली तर तेवढीच बदलता येते.

“सेकंडहँड कार्ड घेतलं तर?”

घ्या, पण समोर चालवून. अर्धा तास भारी गेम लावा, पंखे एकसारखे फिरतात का ऐका, स्क्रीनवर रंगीत चौकोन येतात का बघा. बिल मागा, वॉरंटीच्या कामी ते लागतं. सांगलीत आणखी एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. २०१९ च्या पुरात इथं किती तळमजले पाण्यात गेले ते आपण पाहिलं आहे. स्क्रूला गंज, केबल जोडायच्या तोंडांवर पांढरट थर, पट्टीच्या कोपऱ्यात बारीक गाळ, यातलं काहीही दिसलं तर कितीही स्वस्त असो, परत द्या. एसएमपीएस मात्र सेकंडहँड कधीच घेऊ नका.

“पैसे पुरत नसतील, किंवा भाव उतरेपर्यंत थांबलो तर?”

रॅमचे भाव लवकर उतरतील या आशेवर मी तरी कुणाला थांबवणार नाही. पैसे कमी असतील तर दोन हप्त्यांत करा. रायझन ५ ५६००जी मध्ये दिवाणजींसोबत छोटी टोळीही आहे, वेगळं कार्ड न घेता वॅलोरंट व्यवस्थित चालतो. कार्ड पुढच्या वर्षी. एक बाजू सांगून ठेवतो: पुढं कार्ड लावल्यावर ५६००जी हा साध्या ५६०० पेक्षा थोडा मागं पडतो, कारण त्याची आतली जलद मेमरी निम्मी, १६ एमबी आहे. आणि टोळी रॅमच्याच जागेत काम करत असल्यानं इथं दोन पट्ट्या हव्यातच.

जोडून झाल्यावर

भाच्यानं नवं कोटेशन आणलं, प्रत्येक ओळीत कंपनी आणि मॉडेलसकट. माझ्या विश्रामबागच्या घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी मिळून पीसी जोडला. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. त्यानं मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या मागं लावली होती. ती खाली, आडव्या पट्ट्यांत असलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या तोंडात लावायची असते. मी कित्येक घरांत महागडी कार्डं अशी महिनोन् महिने बसून असलेली पाहिली आहेत, कारण प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असलं की चित्र येतं आणि शंकाही येत नाही.

केबल बदलली. विंडोज बसवल्यावर टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर वेग वाचायला सांगितला.

“मामा, पाकिटावर ३२०० लिहिलंय आणि इथं २१३३ दिसतंय. खोटी दिली का?”

खोटी नव्हती. रॅम पहिल्यांदा सावकाश वेगानंच सुरू होते. पीसी परत सुरू करताना डिलीट बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जायचं, एक्सएमपी नावाची ओळ शोधायची, ती चालू करून सेव्ह करायचं. त्यानं केलं. पीसी परत सुरू झाला, तेच पान उघडलं, आणि त्यानं आकडा मोठ्यानं वाचला. बत्तीसशे.